जिताड्यांना सुतक नसतं

सावधान! पालघर तालुक्यातल्या समस्त मासे खाणाऱ्या, मासे न खाणाऱ्या आणि फक्त चतुर्थीपुरते न खाणाऱ्या जनतेस अत्यंत गंभीर अंतःकरणाने कळवण्यात येते की, आमचे मित्र मुकुंदराव यांचे मध्यंतरी बोईसर मुक्कामी निधन झाले असून, ते साधे, शांत आणि मनमिळाऊ होते अशी जी अफवा शोकसभेपासून पसरवली जात आहे, तिच्यावर कोणीही विश्वास ठेवू नये. मुकुंदराव साधे नव्हते. शांत तर झोपेतसुद्धा नव्हते, असं त्यांच्या पत्नीचं म्हणणं आहे. आणि मनमिळाऊ म्हणाल, तर ज्या माणसानं आयुष्यात कधी मासा चाखला नाही आणि तरी आमच्या अख्ख्या किनाऱ्याशी माशांच्या खाण्यावरून भांडण काढलं, त्याला मनमिळाऊ म्हणणं हा त्याचा अपमान आहे. तो अपमान मी होऊ देणार नाही.

खरं तर हे मी माइकवरूनच सांगणार होतो. माझा धंदा मंडप आणि लाउडस्पीकरचा. आमच्या भागात कबड्डीचे सामने असोत की जत्रा, निवेदनाला मलाच बोलावतात आणि मग माइक माझ्या हातून काढून घ्यायला वेगळा माणूस ठेवतात. शोकसभेत मात्र संयोजकांनी शहाणपणा केला, मला माइकच्या जवळ फिरकू दिलं नाही. कारखान्यातले साहेब लोक बोलले. ‘निवृत्तीनंतर त्यांनी मत्स्यपालनाचा छंद जोपासला होता,’ असं एक जण म्हणाला. छंद! मी खुर्चीतून उठलोच होतो, बायकोनं शर्टाला धरून खाली बसवलं… म्हणून हा लेख.

बातमी आली तेव्हा मी माकुणसारच्या घरी ओट्यावर बसून मंडपाच्या झालरींचा गुंता सोडवत होतो. फोनवर उषावहिनी होत्या, मुकुंदरावांच्या पत्नी. आवाज अगदी सरळ. ‘भाऊजी, हे गेले. चहा घेता घेता छातीत दुखलं, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं.’ मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण त्यांचं बोलणं संपलेलं नव्हतं. ‘आणि तळ्यावर सकाळचं खाणं गेलेलं नाही. तुम्ही आधी तिकडे जा, मग इकडे या.’ मी तसंच केलं. मित्र गेल्याचं कळल्यावर मी पहिल्यांदा खाजणातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतल्या, तळ्यावर गेलो, डब्यातलं खाणं मुठीमुठीनं जिताड्याच्या पिल्लांना घातलं आणि मग हात धुऊन गाडी पकडली. ज्याला नावं ठेवायची असतील त्यानं खुशाल ठेवावीत.

मुकुंदराव मूळचे बार्शीकडचे. ऐन तरुणपणी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात नोकरीला लागले आणि तिथल्याच प्रयोगशाळेत केस पिकवून निवृत्त झाले. घर कट्टर शाकाहारी. बोईसरच्या बाजारातून जाताना सुकटीच्या पाट्या दिसल्या की नाकाला रुमाल लावून रस्ता बदलणारा हा माणूस. निरोप समारंभाचा मंडप ठरवायला म्हणून माझ्याकडे आले. बोलता बोलता मी त्यांना आमचं तळं दाखवायला नेलं. वडिलांनी खाजणात बांध घालून केलेलं ते तळं. भरतीचं पाणी उघाडीच्या दारातून आत घ्यायचं, ओहोटीला दार टाकायचं, एवढंच तंत्र. त्या वर्षी मी जिताड्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आणून एका कोपऱ्यात जाळ्याच्या पिंजऱ्यात सोडली होती. निम्मी मेली होती आणि उरलेली एकमेकांना खात होती. जिताडा हा मासा असाच आहे. उपाशी राहिला की शेजारच्या भावाकडे बघतो.

‘ह्यांना काय घालता?’ मुकुंदरावांनी विचारलं.

‘मिळेल ते.’

‘त्यात चरबी किती असते?’

‘ते माशाला ठाऊक.’

‘म्हणजे ह्या गावात कोणालाच माहीत नाही?’ आणि असं म्हणताना त्या माणसाच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तसा आनंद मी लग्नाच्या मंडपात नवरदेवांच्या चेहऱ्यावरही फारसा पाहिलेला नाही. निरोप समारंभ झाला, त्यांनी शाल-श्रीफळ घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी उमरोळी आणि पालघर मागे टाकून ते रुमालासकट आमच्या बांधावर हजर!

आता सुंदरबायची ओळख करून द्यायला हवी, कारण ती न देता पुढे गेलो तर ती हा अंक घेऊन माझ्या घरी येईल. सुंदरबाय सातपाटीची, पालघरच्या बाजारात मासे विकते. तारलीची डोकी, पोटातली घाण, उरलंसुरलं, असं सगळं ती तळ्यासाठी आणून देत असे. शाकाहारी साहेब माशांचं खाणं ठरवणार हे ऐकून तिनं पाटी खाली ठेवली, पदर कमरेला खोचला आणि म्हणाली, ‘साहेब, ज्याला तुमी तोंड लावत नाय, त्याच्या तोंडात काय जावाचं ते तुमी ठरवनार?’

‘मला तो खायचा नाही बाई, म्हणून तर मी निःपक्षपाती आहे,’ मुकुंदराव म्हणाले. ‘तुम्ही त्याच्याकडे बघता तेव्हा तुम्हाला कालवण दिसतं. मला मासा दिसतो.’

सुंदरबायनं माझ्याकडे बघितलं. ‘नाना, ह्यो मानूस डोक्यावर पडलाय की काय रं?’

पण मुकुंदरावांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती. जिताडा हा शिकारी मासा. त्याच्या पिल्लांना अंगी लागायला माशाचीच चरबी लागते, असं सगळे सांगत. म्हणजे समुद्रातून पाटीभर तारली आणायची, कुटायची, तिचं तेल काढायचं आणि त्यावर तळ्यात एक जिताडा वाढवायचा. ‘राऊत, ह्याला शेती म्हणत नाहीत,’ ते मला म्हणायचे. ‘ही नुसती अदलाबदल झाली. समुद्रातला मासा काढून तळ्यात ठेवला, इतकंच. शेतात पिकलेल्या तेलावर मासा वाढला तर ती शेती.’ आणि शेतात पिकलेलं तेल म्हणजे कोणतं? बार्शीकडच्या माणसाला दुसरं काय सुचणार? जवस! पुढच्या खेपेला ते गावाकडून घाण्याच्या जवसाच्या तेलाचा डबाच घेऊन आले. जवसात जी चरबी असते ती माशाच्या चरबीची लांबची बहीण आहे, पोटात गेली की मासा तिच्यापासून हवं ते करून घेईल, असा त्यांचा हिशेब. गावात बोभाटा झाला की साहेबानं जिताड्यांना एकादशी लावली. लोक संध्याकाळी फिरायला म्हणून मुद्दाम बांधावर यायचे आणि पाण्याकडे बघून हात जोडायचे.

जिताड्यांनी एकादशी पाळली नाही. म्हणजे खात होते, पण वाढत नव्हते. परांच्या कडा झिजल्यासारख्या झाल्या. जाळं नुसतं उचललं तरी काही पिल्लांना भोवळ यायची, पोट वर करून तरंगायची आणि मग पुन्हा भानावर यायची. सुंदरबाय म्हणाली, ‘उपासानं चक्कर आली त्यांना.’ दुसरा कोणी असता तर ओशाळला असता. मुकुंदरावांनी पिंजऱ्यापाशी उकिडवं बसून पिल्लांचं निरीक्षण केलं आणि उठून जाहीर केलं, ‘मी चुकलो. वा! आता कुठे मजा आली.’ मग मला समजावलं, ते त्यांच्या कारखान्याच्या भाषेत. गोड्या पाण्यातल्या रोहू-कटल्याच्या पोटात एक छोटा कारखाना असतो. तुम्ही जवसाचं तेल द्या, तो त्यातून त्याला लागणारी चरबी बऱ्यापैकी तयार करून घेतो. खाऱ्या पाण्यात वाढलेल्या जिताड्याकडे तो कारखाना जवळजवळ बंदच. पिढ्यान्‌पिढ्या समुद्रात तयार माल मिळत आला, यंत्रं चालवायची गरजच पडली नाही. त्यात हे वय डोळे आणि मेंदू घडण्याचं. ‘त्याला तयार माल द्यावाच लागणार,’ ते म्हणाले. ‘प्रश्न एवढाच की कमीत कमी किती, आणि कोणत्या वयापर्यंत.’ पुढची सगळी वर्षं त्या माणसानं ह्या एका प्रश्नावर काढली. ह्याला साहेब लोक छंद म्हणतात.

बरं, चुकण्याचा मान त्यांनी एकट्यानं घेतला असंही नाही. वाढ कमी पडतेय ना, मग तेल जास्त घाला, असा ठराव बांधावरच्या मंडळींनी एकमतानं केला. सुंदरबायचा आवाज त्यात सगळ्यांत मोठा. मुकुंदराव म्हणाले, बघूया. तारलीचं तेल भरपूर घातलं. थोड्याच दिवसांत पिल्लं अशी गोल गरगरीत झाली की मंडळी एकमेकांच्या पाठीवर थापा मारू लागली. पण मुकुंदरावांनी लांबी बघितली, तर ती जिथल्या तिथे. सुंदरबायनं एक पिल्लू कोयत्यावर चिरून दाखवलं. पोटात सगळी पांढरी चरबी, आणि काळीज पिवळट, लोण्यासारखं मऊ. शिवाय एवढ्या तेलानं पोट लवकर भरत होतं, त्यामुळे पिल्लं खातच कमी होती, आणि अंग धरायला जे बाकीचं खाणं लागतं ते आत जातच नव्हतं. मुकुंदराव चिरलेल्या पिल्लाकडे न बघता, रुमालाआडून म्हणाले, ‘सुंदरबाई, ह्याला बाळसं म्हणत नाहीत, ह्याला सूज म्हणतात.’ सुंदरबायनं उत्तर दिलं, ‘आमच्या मालकाला पन डागतरनं हेच सांगितलान.’

ह्या सगळ्यात उषावहिनी कुठे होत्या? सुरुवातीला त्या विरोधी पक्षात होत्या. घरात तारलीच्या तेलाची बाटली आली त्या दिवशी त्यांनी नवऱ्याला बाटलीसकट गॅलरीत बसवलं होतं. पण मुकुंदराव माशांच्या खाण्याच्या गोळ्या करायचे, आणि त्या पाण्यात पडल्या पडल्या विरघळायच्या. सुकटीचा भुगा, सोयाबीनचं पीठ, थोडी कणीक आणि तेल, असं ते मळायचे. वहिनी दारातून बघत होत्या, बघत होत्या आणि शेवटी राहवेना. ‘अहो, मोहन जास्त झालंय,’ त्या म्हणाल्या. ‘चकलीत मोहन जास्त झालं की ती तेलात हसते, विरघळते. हे तसंच आहे. सरका.’ झालं! त्या दिवसापासून वहिनी सत्ताधारी पक्षात गेल्या. एक जुना सोऱ्या माशांसाठी वेगळा काढला. पीठ मळून सोऱ्यातून शेवेसारखं पाडायचं, मोदकपात्रात वाफवायचं, वाळवायचं, हातानं चुरायचं. पहिल्या दिवशी त्यांनीही घोटाळा केला, तो अस्सल चकलीवाल्या बाईनंच करावा असा. तारलीचं तेल कडकडीत तापवून, धूर निघेपर्यंत, पिठात ओतलं. पिल्लांनी तोंडात घेतलं आणि थुंकलं. माशाचं तेल फार नाजूक, तापवलं की बिघडतं, उन्हात ठेवलं की खवट होतं. मग ठरलं की शेव आधी वाफवून घ्यायची आणि तेल नुसतं कोमट करून वरून चोळायचं. ‘ह्यांची रसायनं आणि माझी चकली,’ वहिनी मला म्हणाल्या होत्या, ‘दोन्ही अर्धवट होती. मिळून एक गोळी झाली.’

आता बोईसरच्या त्या इमारतीचा विचार करा. सगळा जिना मासे खाणाऱ्यांचा, आणि तक्रार कोणाविरुद्ध? तर इमारतीतल्या एकमेव शाकाहारी घरातून मासळीचा वास येतो म्हणून! सोसायटीच्या सभेला मी मुद्दाम गेलो, असा प्रयोग पुन्हा बघायला मिळणार नव्हता. एक गृहस्थ तावातावानं म्हणाले, ‘आम्हीही मासे करतो, पण आमचा वास संध्याकाळी जातो.’ मुकुंदराव उभे राहिले. ‘तुमचा वास जातो, कारण तुम्ही मासा संपवता,’ ते म्हणाले. ‘माझा जात नाही, कारण मी मासा वाढवतोय. दोन्हीपैकी कोणत्या कामाला ह्या इमारतीत बंदी आहे, तेवढं सांगा.’ सभा तहकूब झाली. वास तहकूब झाला नाही.

आता वाचकांतले हळवे लोक म्हणतील, ह्या जोडप्याला मूलबाळ नव्हतं का? नव्हतं. म्हणजे मासेच त्यांची मुलं! कृपया हा विचार मागे घ्यावा. मुकुंदरावांना मासे अजिबात आवडत नसत. एकाला त्यांनी नाव ठेवलं नाही, एकाच्या मरणावर उसासा टाकला नाही. त्यांना आवडायचा तो प्रश्न. मुलांसारखं प्रेम वगैरे करून प्रश्न सुटत नाही, असं ते म्हणाले असते आणि वर तुम्हाला मूर्खही म्हणाले असते.

शेवटची खेप मात्र जमून येत होती. आधीचे कोवळे आठवडे पूर्ण तारलीचं तेल. मग थोडं थोडं कमी करत त्याच्या जागी जवसाचं, पण तारली कधीच पूर्ण बंद नाही. एकूण तेल बेताचं. पिल्लं चपळ होती, परांच्या कडा धड होत्या, जाळं उचललं तर भोवळ येण्याऐवजी उड्या मारत होती. जवसाचा वाटा पहिल्यांदाच निम्म्याच्या वर गेला होता. आणि नेमक्या त्याच आठवड्यात चहाचा कप अर्धा ठेवून मुकुंदराव गेले…

बार्शीहून त्यांचे थोरले भाऊ आले. अण्णा. निवृत्त मुख्याध्यापक, ताठ, स्वच्छ, बोलणं फळ्यावर लिहिल्यासारखं. क्रियाकर्माचा सगळा ताबा त्यांच्याकडे गेला, आणि ते रास्तच होतं. जिथे मुकुंदरावांना ठेवलं होतं तिथे पिठावर दिवा लावला होता, त्यात अण्णा स्वतःच्या हातानं तेल घालत होते, तो विझू नये म्हणून डोळ्यांत तेल… नाही, हे वाक्य मी सोडून देतो. त्यांचं दुःख खरं होतं, हे सांगायचं आहे. पण सुतकाचा नियम त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितला. दहा दिवस घरात फोडणी नाही, तळण नाही, गॅसवर तेलाचं भांडं चढणार नाही.

वहिनी म्हणाल्या, ‘आपल्याला नको. मला वरणभात पुरे. पण तळ्यावरचं खाणं करावं लागेल.’

‘तेलाचं?’

‘तेल कोमट करून चोळावं लागतं.’

‘मग नाही,’ अण्णा म्हणाले. ‘उपाशी मारा असं मी म्हणत नाही. बिनतेलाचं घाला. दहाच दिवसांचा प्रश्न आहे.’

मी भिंतीला टेकून बसलो होतो. मला वाटलं, वहिनी आता गप्प बसतील. रडून रडून डोळे सुजलेली बाई, समोर थोरले दीर. पण त्या म्हणाल्या, ‘अण्णा, मोठ्या माशाला दहा दिवसांनी काही झालं नसतं. ही पिल्लं आहेत. ह्याच दिवसांत तेल तुटलं तर वाढ खुंटते, मग मागून कितीही घाला, ती भरून येत नाही. आणि लहानमोठी झाली की मोठी लहानांना खातात. ह्यांनी जवस निम्म्याच्या वर नेलं होतं. आता तेल थांबवलं तर ते चाललं असतं की नाही, हे कोणालाच कळणार नाही. सगळी वर्षं फुकट.’

‘उषा, मासा म्हणजे काही घरातलं माणूस नव्हे.’

‘घरात तान्हं मूल असतं तर सुतकात त्याचं दूध तोडलं असतं का?’

‘मूल वेगळं.’

‘बरं,’ वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी हात त्या पिठावरच्या दिव्याकडे केला. ‘त्या दिव्यात तुम्ही आल्यापासून तेल घालताय. ते का चालतं? त्यांची वाट उजळावी म्हणून ना? त्यांची वाट कुठे जाते, तुम्हाला माहीत आहे? रोज सकाळी माकुणसारला जायची.’

अण्णा फक्त म्हणाले, ‘ह्या घरात नाही.’ आणि वहिनी उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या, माशांचा सोऱ्या आणि मोदकपात्र पिशवीत भरलं आणि चप्पल घालून दारात उभ्या राहिल्या. ‘ह्या घरात नाही ना? चला भाऊजी.’ सुतकातली, नुकती विधवा झालेली बाई सगळ्या पाहुण्यांच्या देखत पिशवी घेऊन जिना उतरली. वास येतो म्हणून तक्रार करणारे तेच शेजारी दारांत उभे होते. एकानं, त्याच सभेतल्या गृहस्थानं, पिशवी वहिनींच्या हातून घेतली आणि खाली रिक्षापर्यंत आणून दिली.

आमच्या घरी माझ्या बायकोनं, मंदानं, एक शब्द विचारला नाही. मागच्या अंगणात चूल पेटवून दिली. गावातून एक-दोन बायका आल्या, ‘सुतकातल्या बाईला घरात घेतलंस, तुमाला पन सुतक लागंल,’ असं कुजबुजल्या. मंदा म्हणाली, ‘लागू दे. येवढं घर हाय, एका कोपऱ्यात बसंल ते.’ वहिनी रोज मळायच्या, शेव पाडायच्या, वाफवायच्या, दोन्ही तेलं मुकुंदरावांच्या प्रमाणात कोमट करून चोळायच्या आणि माझ्याबरोबर बांधावर यायच्या. स्वतः मात्र वरणभात खायच्या, बिनफोडणीचा. नियम त्यांनी मोडला नव्हता, बरं का. फक्त तो कोणाला लागू आहे, ते त्यांनी ठरवलं होतं.

निकाल इथेच सांगून टाकतो, कारण उत्सुकता ताणणं हे माइकवर शोभतं, छापून नाही. आज ते जिताडे वीतभर झाले आहेत. एकसारखे, चपळ, कोणी कोणाला खाल्लेलं नाही. एका तळ्यातल्या एका खेपेवरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मला ठाऊक आहे, आणि हे वाक्य मुकुंदरावांनीच सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्यानं म्हटलं असतं. वहिनींनी पुढच्या खेपेसाठी पिल्लांची मागणी नोंदवली आहे. जवस आणखी थोडं वाढवून बघायचं म्हणतात. सुंदरबाय अजून म्हणते, सगळं तारलीच्या तेलाचं काम हाय, जवस नुसतं शोभेला. ते भांडण चालू आहे, आणि चालू राहील अशी मी व्यवस्था करणार आहे. माणूस गेला तर निदान त्याचं भांडण तरी जिवंत ठेवावं, एवढी माणुसकी आमच्यात आहे.

पण मला सांगायचं आहे ते सुतकाच्या मधल्या एका दिवसाचं. सकाळी उन्हं वर आली होती, भरतीचं पाणी उघाडीतून आत येत होतं. वहिनी पिंजऱ्याच्या काठावर फळीवर बसून खाणं टाकत होत्या, सुंदरबाय पाटी घेऊन उभी होती, मी दोरी धरून. बांधावरून अण्णा आले. पांढरा शुभ्र पायजमा, हातात छत्री, चिखल चुकवत, एकेक पाऊल तोलून. सफाळे स्टेशनावरून रिक्षा करून एकटे आले होते. वहिनींना न्यायला.

‘आजोबा, जपून या, बुळबुळीत हाय,’ सुंदरबाय म्हणाली.

अण्णांनी तिच्याकडे बघितलं नाही. मी खुर्ची आणतो म्हटलं, नको म्हणाले. काठाशी येऊन उभे राहिले आणि शाळेत प्रार्थनेनंतर बोलावं तसं सुरू झाले. घराण्याची रीत, लोक काय म्हणतात, पिंडदानाला पत्नी घरात हवी, मुकुंदाच्या हट्टापायी आयुष्यभर सगळ्यांनी सोसलं, आता निदान त्याच्या मागे तरी… वहिनी ऐकत होत्या. मान खाली, हात चालू. मुठीतला चुरा पाण्यात पडायचा आणि पिल्लं उसळून वर यायची, पाणी नुसतं उकळल्यासारखं व्हायचं, पुन्हा शांत. अण्णा बोलत होते. ‘मी तुला कमी लेखत नाही उषा,’ ते म्हणाले, ‘पण काही गोष्टी आपल्या हातात नसतात, त्या वाडवडिलांनी…’ पुन्हा मूठ पडली, पुन्हा पाणी उसळलं. आता त्यांची नजर वहिनींवरून निसटली होती. ती पाण्यावर होती. आवाज फळ्यावरचाच होता, पण शब्दांच्या मध्ये जागा पडायला लागली. छत्री त्यांनी नकळत बगलेत मारली. कंबरेत थोडे वाकले. ‘…त्या वाडवडिलांनी विचार करूनच ठरवल्या आहेत,’ ते म्हणाले, ‘आणि म्हणून दहा दिवस होईपर्यंत आपल्या घरच्या सुनेनं तेलाला हात…’

वहिनींनी आणखी एक मूठ टाकली. अण्णा एकदम पुढे झाले, चिखलात पाय घोट्यापर्यंत गेला, आणि बोट लांब करून ओरडलेच:

‘अगं, सगळं मधेच काय टाकतेस! तो बघ तिकडं, त्या कोपऱ्यातला, त्याला काहीच मिळालं नाही, त्याला घाल की!’